समुद्र चालू ठेवून

बॉल व्हॉल्व्हच्या खालच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटली होती, जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची. पाण्याचा थेंब कुठेच दिसत नव्हता. खाऱ्या पाण्याची गळती बहुतेक वेळा अशीच उघडकीला येते. पाणी झिरपतं, हवेत उडून जातं आणि मीठ मागे राहतं. घोडबंदर रोडवर राहणाऱ्या दंतवैद्य बाईंनी ती रेघ खरवडून काढली, तर काही दिवसांत ती पुन्हा हजर झाली. व्हॉल्व्हची दांडी फिरवून पाहिली, ती जागची हलेना. त्यांनी सोसायटीतल्या नेहमीच्या प्लंबरला फोन लावला. पलीकडून ठरलेलं उत्तर आलं, "पाणी बंद करून ठेवा डॉक्टर, अर्ध्या तासात येतो."

अडचण नेमकी तिथेच होती. हे पाणी बंद करून ठेवता येत नाही.

डॉक्टरांच्या दिवाणखान्यात सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच काचेची टाकी आहे. हिशेबाने ६८० लिटरची, खडक आणि वाळूची जागा वजा केली तर थोडी कमी. नऊ वर्षांपूर्वी भरलेली. क्लाउनफिशची जोडी, एक पिवळा टँग, कोळंब्या, शंख आणि खडकांवर पसरलेले मऊ प्रवाळ व झोअँथिड असा तिचा संसार. हौशी मंडळी अशा टाकीला 'रीफ टँक' म्हणतात. तिच्या मागच्या कोपऱ्यात काळ्या ॲक्रिलिकचा एक उभा कप्पा असतो, वरच्या कडेला दाते पाडलेला. पृष्ठभागावरचं पाणी त्या दात्यांवरून कप्प्यात पडतं, तळाच्या भोकातून पाइपने खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत, संपमध्ये, उतरतं. तिथे स्किमर फेसाबरोबर घाण उचलतो आणि रिटर्न पंप पाणी चिलरमधून पुन्हा वर चढवतो. हा फेरा रात्रंदिवस चालू असतो. टाकी बसवली तेव्हा हा सगळा पाइप एका दमात सोल्यूशनने चिकटवलेला होता. सोडवता येईल असा एकही सांधा त्यात नव्हता. व्हॉल्व्ह बदलायचा म्हणजे पाइप कापायचा, आणि एक पाइप कापायचा म्हणजे सगळेच कापायचे.

पाणी थांबलं तर

घरातला नळ दोन तास बंद राहिला तर गैरसोय होते. इथे प्रश्न श्वासाचा असतो. २५ अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात, लिटरमागे, फार तर सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. समुद्राच्या पाण्यात तो पावणेसातच्या आसपासच राहतो. पाणी जितकं खारट आणि जितकं गरम, तितका प्राणवायू कमी. त्यात माशांबरोबर प्रवाळ, शंख, किडे आणि खडकाच्या छिद्राछिद्रांत बसलेले जिवाणू असे सगळेच वाटेकरी. प्रवाह थांबला की पृष्ठभागावर हवा आणि पाण्याची देवाणघेवाण मंदावते, साठा मात्र सगळे मिळून संपवत राहतात. रात्री प्रवाळांच्या पेशींतल्या शैवालाचं प्रकाशसंश्लेषणही बंद असतं, म्हणून असलं काम रात्री काढायचं नसतं.

घरात समुद्र सांभाळण्याची विद्या या प्रवाहाभोवतीच वाढत गेली. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत छापून जाहीर केली. समुद्रातून आणलेला जिवंत खडक, समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर त्यांच्या टाक्या चालत. पुढे बर्लिनच्या हौशी लोकांनी जिवंत खडकाला जोरकस स्किमर आणि प्रखर दिव्यांची जोड दिली, आणि तीच 'बर्लिन पद्धत' जगभर गेली. दोन्हींचा गाभा एकच, की पाणी खडकच स्वच्छ करतो. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू खडकात असतात, पाइपमध्ये त्यांचा वाटा थोडाच. त्यामुळे जुने पाइप फेकून दिले म्हणून टाकी कोसळत नाही. ती कोसळते खडकावरून पाणी फिरायचं थांबलं तर.

यावरून कामाचं पहिलं सूत्र ठरतं. टाकीतलं फिरणं आणि पाइपातलं फिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संपकडे जाणारा फेरा काही तास बंद ठेवता येतो, टाकीच्या आतले वेव्हमेकर चालू राहिले पाहिजेत. डॉक्टरांनी ते इन्व्हर्टरवर घेतले आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवला. ऐन कामात वीज गेली तर निदान बुडबुडे थांबू नयेत.

इथे कायद्याचीही एक बाजू आहे. कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. भारतीय समुद्रातून ते काढणं हा गुन्हा आहे. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी वरळी आणि हाजी अली इथल्या प्रवाळांच्या वसाहती हलवाव्या लागल्या, तेव्हा महापालिकेलाही या कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली होती. डॉक्टरांकडचे मऊ प्रवाळ दुसऱ्या हौशी लोकांनी वाढवून, कापून दिलेल्या तुकड्यांपासून झालेले. नऊ वर्षांची वाढ मेली तर बाजारातून ती विकत आणता येत नाही.

दुकानातले तीन 'एक इंच'

प्लंबर आले, पाहून गेले. ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातला पट्टामुंडाई हा भाग प्लंबरांसाठी देशभर ओळखला जातो, तिथे या कामाचं शिक्षण देणारी सरकारी संस्थाही आहे. हे मिस्त्री त्याच भागातले, ठाण्यात राहून मराठी पक्की झालेली. त्यांनी कपाटात डोकं घातलं, बॅटरी मारली आणि विचारलं, "आट्यांना सफेदा आणि सूत चालेल ना?"

डॉक्टरांनी आधीच यादी करून ठेवली होती: काय चालणार नाही याची. सफेदा नाही. पितळ नाही. गनमेटल नाही. तांबं तर नाहीच नाही. सागरी माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात. त्याची मात्रा लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. तेवढ्यात मासा बरा होतो, पण कोळंबी, शंख आणि प्रवाळ मरतात. म्हणून ते औषध रीफ टाकीत कधीच घालत नाहीत, मासा वेगळ्या टाकीत काढून देतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात पितळी आट्यांचं फिटिंग बसवलं तर तेच औषध थोडं थोडं, कायमचं घालत राहिल्यासारखं होतं. आणि आपल्याकडे हे फिटिंग चटकन ओळखूही येत नाही. गरम पाण्याच्या फिक्या पिवळ्या सीपीव्हीसी लाइनमध्ये बाहेरून प्लॅस्टिक दिसणाऱ्या तुकड्याच्या आत पितळी आटे बसवलेले असतात. मिस्त्रींनी पिशवीतून काढलेला पहिलाच एफटीए, म्हणजे आतून आटे असलेला तुकडा, तसा निघाला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला, आतली पिवळी चकाकी दाखवली आणि बाजूला ठेवला.

पाइप निवडण्यातही गुंता असतो. दुकानात 'एक इंच' मागितलं तर तीन वेगळ्या जाडीचे पाइप हातात येऊ शकतात. अमेरिकी मापाच्या यूपीव्हीसी शेड्यूल पाइपचा बाहेरचा व्यास ३३.४ मिलिमीटर. मेट्रिक मापाच्या पाइपचा ३२. सीपीव्हीसी तांब्याच्या नळीच्या मापावर बेतलेला, म्हणून त्याचा २८.६. बत्तीसचा पाइप साडेतेहेतीसच्या एल्बोमध्ये सैल बसतो, आणि ती फट सोल्यूशनने भरून निघेल असं वाटतं. ती भरून निघत नाही. सोल्यूशन हा गोंद नाही. त्यातले टेट्राहायड्रोफ्युरानसारखे द्रावक पाइप आणि फिटिंग या दोन्हींचा पृष्ठभाग विरघळवतात, दोन्ही थर एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर एकच प्लॅस्टिक उरतं. मधे फट असेल तर मिसळायला काही उरतच नाही. डॉक्टरांनी टाकीच्या भोकात बसवायचे परदेशी बनावटीचे टँक निपल मागवले होते, ते कोणत्या मापाचे आहेत हे व्हर्नियर कॅलिपर लावून पाहिल्यावरच पाइप आणला गेला.

शिशाचाही प्रश्न आहे. पीव्हीसी उष्णतेने खराब होऊ नये म्हणून त्यात शिशाची संयुगं घालण्याची रीत होती. ती बंद करण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम काढले. त्यामुळे गोदामात पडून राहिलेला जुना, स्वस्त पाइप इथे नको. पिण्याच्या पाण्यासाठीचा, प्रमाणित, नवा पाइपच घ्यायचा.

कोरडं काम आधी

मिस्त्रींचा पहिला बेत सरळ होता. जुना पाइप कापायचा, त्याच जागी नवा चिकटवायचा, तासाभरात पाणी चालू. इमारतीच्या लाइनवर ते रोज हेच करतात. इथे बेत उलटा ठरला. आधी नवी लाइन पूर्ण, जुनी चालू असतानाच. मापं घेऊन सगळे तुकडे कापायचे, कापलेल्या कडांची बुरी पॉलिश पेपरने काढायची, सोल्यूशनशिवाय कोरडी जुळणी करून पाहायची. प्रत्येक सांध्यावर मार्करने आडवी रेघ मारायची, म्हणजे चिकटवताना कोन चुकत नाही. मग गॅलरीत बसून, टाकीपासून लांब, एकेक सांधा जोडायचा. दोन्हीकडे सोल्यूशन लावायचं, पाइप आत ढकलताना पाव फेरा फिरवायचा, अर्धा मिनिट दाबून धरायचा, बाहेर आलेलं सोल्यूशन पुसून टाकायचं.

सोल्यूशन सुकायला लागणारा वेळ डब्यावर लिहिलेला असतो, पण दमट हवेत तो दीडपट धरायचा असतो. ठाण्याच्या हवेत तो नियम बाराही महिने लागू म्हणायला हरकत नाही. तयार लाइन दोन रात्री गॅलरीत उभी राहिली. तिसऱ्या दिवशी खालची तोंडं बुच मारून बंद केली, वरून पाणी भरलं आणि प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळला. बोटाला न जाणवणारी ओल टिश्यू लगेच दाखवतो. एका एल्बोच्या टिश्यूवर नाण्याएवढा डाग आला. तो तुकडा कापून नवा जोडला, पुन्हा वाट पाहिली. हे चालू असताना आत दिवाणखान्यात टाकी नेहमीसारखी चालू होती, कोणाला पत्ताही नव्हता.

नव्या लाइनला पंपाच्या दोन्ही बाजूंना, चिलरच्या दोन्ही बाजूंना आणि टाकीखाली युनियन होत्या, आटे फिरवून सोडवता येणारे सांधे. म्हणजे ठरलेल्या दिवशी कपाटात सोल्यूशनचा ब्रश नेण्याची गरज उरली नाही. फक्त आटे आवळायचे.

भिंतीवरचा दाब

खरी जोखीम होती तळाच्या टँक निपलची. त्याचं रबरी वायसर नऊ वर्षांत कडक झालेलं. ते बदलायचं तर कोपऱ्यातला कप्पा रिकामा करावा लागणार. वरवर पाहता हे सोपं वाटतं. कप्पा वेगळाच आहे, मुख्य टाकी भरलेली राहिली तरी चालेल. पण एरवी कप्प्यातही पाणी असतं आणि ॲक्रिलिकच्या भिंतीला दोन्हीकडून आधार मिळतो. कप्पा रिकामा झाला की सगळा भार एका बाजूने येतो. पाण्याची उंची ५५ सेंटिमीटर आणि भिंतीची रुंदी ३० धरली तर तो भार होतो साधारण ४६ किलो, आणि तो पेलतो फक्त सिलिकॉनचा सांधा, तोही नऊ वर्षांचा. दिलासा एवढाच की हा भार उंचीच्या वर्गाने बदलतो. पाणी निम्म्यावर आणलं की भार चौथाईवर येतो, बारा किलोंच्याही खाली.

म्हणून पाणी निम्म्यावर आणायचं ठरलं. सुमारे ३०० लिटर. दोन नवे, खाण्याच्या वस्तूंसाठीचे ड्रम आणले. जुनं पाणी फेकायचं नाही, तेच परत भरायचं, म्हणजे क्षारता आणि तापमान एकदम बदलत नाही. शिवाय काही बिनसलं तर हाताशी असावं म्हणून आदल्या दिवशी आरओ-डीआय पाण्यात मीठ कालवून आणखी १०० लिटर तयार ठेवलं, साडेतीन किलोंच्या वर मीठ लागलं. रात्रभर पंपाने ढवळून सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर पाहिलं, हजारी ३५.

पाणी उतरलं की वरच्या खडकांवरचे प्रवाळ उघडे पडणार. त्याची भीती नवख्यांना फार असते. पण मुंबईच्या किनाऱ्यावर हाजी अलीला, वरळीला खडकांवरचे प्रवाळ ओहोटीला उघडेच पडतात. मऊ प्रवाळ आक्रसतात, अंगावर चिकट थर आणतात आणि थांबतात. टाकीचंच पाणी फवारत राहिलं तर तासा-दोन तासांचं त्यांना काही वाटत नाही. वेव्हमेकर मात्र आधीच खाली सरकवून घ्यावे लागतात, नाहीतर पाणी उतरल्यावर ते हवेत फिरतात आणि जळतात.

काम

रविवारी सकाळी दिवे लागल्यावर सुरुवात झाली. आधी आपोआप पाणी भरणारा टॉप-अप बंद, कारण संपमधली पातळी हलली की तो गोडं पाणी ओतत सुटतो. मग स्किमर, चिलर आणि शेवटी रिटर्न पंप. खोलीतला एसी वाढवला. कपाटातले सगळे प्लग काढून उंच ठेवले, कारण खारं पाणी आणि वीज यांची गाठ पडू द्यायची नसते. मिस्त्रींच्या हातात लांब रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा होता. तो डॉक्टरांचा आग्रह, आणि त्याला कारण होतं. कप्प्याच्या दात्यांवर झोअँथिड वाढलेले होते. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, सजीवांनी बनवलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. करवतीने, ब्रशने किंवा गरम पाण्याने ते उडून डोळ्यांत, श्वासात गेल्याने माणसं रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. म्हणून दात्यांना हात लावला नाही, जुना पाइप कोरडा कापला नाही, तो ओला ठेवून हळू कापला. हातावर चीर असेल तर मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू महिनोन्महिने न भरणारी गाठ देतो, हे डॉक्टरांना वेगळं सांगायची गरज नव्हती.

कापलेला उतरता पाइप वर्तमानपत्रावर ठेवला. दीड इंची पाइपच्या आत जेमतेम अंगठा जाईल एवढी वाट उरली होती. भिंतीला पांढऱ्या, वेड्यावाकड्या चुन्याच्या नळ्या, त्या नळ्यांत राहणारे किडे, मधे पिवळट स्पंजाचे पुंजके आणि सगळ्यावर तपकिरी बुळबुळीत थर. पंपाच्या तोंडावर कॅल्शियम कार्बोनेटचं कवच चढलं होतं. "कीटणच हे," डॉक्टर म्हणाल्या आणि पंप लिंबूसताच्या पाण्यात बुडवून ठेवला. व्हॉल्व्ह का अडकला होता तेही दिसलं. आतल्या गोळ्याभोवती तोच चुना बसला होता. चिलरच्या बाजूची एक फांदी वर्षानुवर्षं बंद होती. तिच्यातलं साठलेलं पाणी बादलीत घेतलं तर सडक्या अंड्यांचा वास आला. प्राणवायू संपलेल्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतं. ती बादली तशीच मोरीत गेली. पाइपात अडकलेलं पाणी परत टाकीत सोडायचं नाही, हा नियम तिथे नाकानेच सिद्ध झाला.

नवा टँक निपल बसवताना मिस्त्रींनी सवयीने दोन्हीकडे वायसर लावायला घेतले. वायसर एकच, टाकीच्या आतल्या बाजूला, चकतीखाली. नट हाताने आवळून वर पान्ह्याचा पाव फेरा. काच असल्याने त्यापुढे जोर लावायचा नाही. सिलिकॉन लावायचं नाही, कारण मग पुढच्या वेळी तो निघणारच नाही.

दुपारी दीडच्या सुमाराला पंप पुन्हा सुरू झाला. पण पाइप भरला म्हणजे काम झालं असं नव्हे. डॉक्टरांनी मुद्दाम पंप बंद केला. वीज गेली की टाकीतलं पाणी दात्यांच्या पातळीपर्यंत खाली येतं. या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ११ लिटर. तीन सेंटिमीटर उतरलं तर तीसपेक्षा जास्त लिटर, वर पाइपातलं वेगळं. ते सगळं संपमध्ये मावलं पाहिजे, नाहीतर खालच्या मजल्यावरचे लोक दार वाजवायला येतात. रिटर्नच्या तोंडाशी, पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली, एक बारीक भोक पाडलं होतं. पातळी त्याच्या खाली गेली की हवा शिरते आणि उलटा सायफन तुटतो. एनआरव्हीच्या, म्हणजे उलटा प्रवाह अडवणाऱ्या व्हॉल्व्हच्या, भरवशावर राहता येत नाही. जो चुना व्हॉल्व्हला अडवतो तो त्याचीही झडप उघडी ठेवतो. संप भरत गेला आणि काठाच्या चार बोटं खाली थांबला. तिथे डॉक्टरांनी मार्करने रेघ मारली.

स्किमर दुसऱ्या दिवशीच लावला. नव्या पाइपातल्या सोल्यूशनच्या अंशामुळे तो वेड्यासारखा फेस काढतो आणि भांडं भरून वाहतं. संपमध्ये सक्रिय कोळशाची पिशवी टाकली. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ अमोनिया तपासला. काचनळीतला रंग पिवळाच राहिला. लेदर कोरल या मऊ प्रवाळाने चौथ्या दिवशी आपले हात बाहेर काढले.

सोडवायची सोय

मोठ्या संस्था ही गोष्ट बांधतानाच धरून चालतात. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये अनेकदा दोन समांतर लाइन असतात. एक चालू असताना दुसरी बंद ठेवतात, म्हणजे तिच्यात वस्तीला आलेले कालव आणि किडे गुदमरून मरतात आणि ती साफ करता येते. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उभं राहिलं, ते अशा जागी की समोर समुद्रच होता. घरच्या टाकीला तसा समुद्र मागे नसतो, म्हणून तिथे चुकीला जागा आणखी कमी. आणि काम फारच मोठं असेल तर संस्थाही जिवांना हलवतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयाचं २००४ मध्ये तात्पुरत्या जागी स्थलांतर झालं आणि २००८ मध्ये ते नव्या इमारतीत परतलं. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलचं २५ लाख लिटरची प्रवाळ टाकी असलेलं मत्स्यालय १९८७ चं, तेही २०२१ मध्ये मोठ्या नूतनीकरणासाठी बंद झालं. पाइप, पंप आणि काँक्रीट म्हातारे होतात. त्यांच्यात राहणारे जीव त्यांच्याहून जास्त जगू शकतात. मऊ प्रवाळाला तर ठरलेलं म्हातारपण नाही.

तरी घरोघरी पाइप असे जोडले जातात की जणू ते कधी सोडवावे लागणारच नाहीत. सोल्यूशन लवकर होतं, स्वस्त पडतं, नीटनेटकं दिसतं. युनियन महाग, जाड आणि अंगावर येणारी. टाकी बसवणाऱ्याचं काम पाणी चालू झालं की संपतं, आणि दहा वर्षांनी काय होईल हे त्याच्या बिलात नसतं. मिस्त्रींच्या मते इमारतींची गतही हीच आहे. शाफ्टमधल्या लाइनला बिल्डर युनियन लावत नाही, ताबा दिल्यावर शाफ्टमध्ये उतरणारा तो नसतो.

डॉक्टरांच्या कपाटातल्या युनियनभोवती पान्हा पूर्ण फिरेल एवढी जागा हवी होती. त्यासाठी मिस्त्रींनी सागवानी कपाटाची एक मधली फळी कापायला सांगितली. डॉक्टरांना ते पटेना, कपाट त्यांनी हौसेने करून घेतलेलं. मिस्त्री करवत हातात घेऊन थांबले. म्हणाले, "पुढच्या वेळी मी नसेन डॉक्टर, दुसरा कोणी येईल. त्याचा हात आत गेला पाहिजे." फळी कापली गेली.